हरल्यानंतरचा सामना

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहा नावाचं शहर आहे. तिथे दर वर्षी जूनमध्ये कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा शेवटचा टप्पा खेळला जातो. २०२३ साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ तिथे पोहोचला. त्याने टेनेसीविरुद्धचा पहिला सामना जिंकला आणि वेक फॉरेस्टविरुद्धचा दुसरा ३-२ असा गमावला. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयीन स्पर्धांची रीत तिथे असती, तर हा संघ त्याच रात्री सामान बांधून परत गेला असता. पण तिथे एका पराभवाने संघ बाहेर पडत नाही, दोन झाले तरच पडतो. लुइझियानाने टेनेसीला पुन्हा हरवलं आणि मग ज्या वेक फॉरेस्टकडून हार पत्करली होती, त्यालाच लागोपाठ दोन दिवस हरवून अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीही एका सामन्याची नसते, तीन सामन्यांत दोन जिंकावे लागतात. फ्लोरिडाविरुद्ध पहिला सामना ४-३ असा अकराव्या डावात जिंकला, दुसऱ्यात लुइझियानाचा २४-४ असा धुव्वा उडाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच संघाने १८-४ असा विजय मिळवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. २४-४ अशा पराभवानंतर चोवीस तासांत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उभं राहायची सोय ज्या स्पर्धेत आहे, तिच्याकडून आपल्याला बरंच शिकता येईल.

बेसबॉलचा आणि आपला संबंध काय, असा प्रश्न कुणी विचारेल. संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर बेसबॉल आपल्याकडे खेळला जातो. भारतीय विद्यापीठ संघ या संस्थेच्या क्रीडा कार्यक्रमात मुलांच्या आणि मुलींच्या बेसबॉलची आंतरविद्यापीठ स्पर्धा असते, आणि महाराष्ट्रातली विद्यापीठं तिच्यात संघ उतरवतात. दुसरा संबंध याहून महत्त्वाचा. चेंडू-फळीच्या खेळातली विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा भारतात आणि विशेषतः मुंबईत एके काळी फार मोठी गोष्ट होती. क्रिकेटमधल्या त्या स्पर्धेचं नाव रोहिंटन बारिया करंडक. ओमाहाची आणि ही, अशा दोन स्पर्धा शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. महाविद्यालयीन स्पर्धेचं मोल शेवटच्या दिवशी करंडक कोण उचलतं यावर ठरत नाही. हरलेल्याला आणखी एक सामना मिळतो का, आणि खेळात उशिरा आलेल्याला पुढची पायरी दिसते का, यावर ते ठरतं. अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यात राहून उल्हासनगरच्या किंवा बदलापूरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने तर हाच कळीचा मुद्दा आहे, आणि नेमका तोच आपण दुर्लक्षित ठेवला आहे.

आधी स्पर्धेची रचना समजून घेऊ. अमेरिकेतली ही स्पर्धा ६४ संघांची असते. चार-चार संघांचे १६ गट वेगवेगळ्या गावी खेळतात, त्यांतले १६ विजेते दोन-दोनच्या जोड्यांनी तीन सामन्यांच्या मालिका खेळतात, आणि उरलेले आठ संघ ओमाहाला जातात. तिथे पुन्हा चारचे दोन गट होतात. प्रत्येक गटात दोनदा हरणारा बाहेर पडतो, आणि दोन गटविजेते अंतिम मालिका खेळतात. साध्या बाद पद्धतीत आठ संघांची स्पर्धा सात सामन्यांत आटोपते आणि चार संघ एकेक सामना खेळून घरी जातात. ओमाहात तेवढ्याच आठ संघांसाठी किमान १४ आणि कमाल १७ सामने होतात, आणि दोन सामने खेळल्याशिवाय कुणालाही परतावं लागत नाही.

या पद्धतीचं समर्थन करताना सहसा असं म्हटलं जातं की तिच्यामुळे खरा श्रेष्ठ संघ जिंकतो. हे कितपत खरं आहे ते कागदावर मांडून पाहता येतं. समजा एक संघ इतका चांगला आहे की तो कोणाशीही शंभरपैकी साठ सामने जिंकेल. साध्या बाद पद्धतीत त्याला लागोपाठ तीन सामने जिंकायला हवेत. त्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. ओमाहाच्या पद्धतीत चारच्या गटातून वर येण्याची त्याची शक्यता सुमारे ४१ टक्के, तीन सामन्यांची मालिका जिंकण्याची सुमारे ६५ टक्के. दोन्ही मिळून विजेतेपदाची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास येते. बावीसचे सव्वीस झाले. फरक आहे, पण सामने दुप्पट करूनही श्रेष्ठ संघ चारपैकी तीन वेळा हरतोच. म्हणजे न्याय हे या पद्धतीचं मुख्य फळ नव्हे. तिचं मुख्य फळ हरणाऱ्यांच्या पदरात पडतं. त्यांना दुसरा सामना मिळतो, तिसऱ्याची आशा राहते, बाकावर बसलेल्या खेळाडूला मैदानात उतरायला मिळतं, आणि पाहायला आलेल्या निवडकर्त्यांना एका वाईट दिवसावरून कुणाचं भवितव्य ठरवावं लागत नाही.

बाकावरच्या खेळाडूचा मुद्दा बेसबॉलमध्ये फार ठळकपणे दिसतो, कारण तो सगळा खेळच चेंडू फेकणाऱ्याच्या हातावर उभा आहे. त्याला पिचर म्हणतात. क्रिकेटमधला गोलंदाज एक षटक टाकून विसावतो आणि दुसऱ्या टोकाने दुसरा सुरू करतो. पिचरला अशी उसंत नसते; तो एका सामन्यात शंभरच्या आसपास चेंडू पूर्ण ताकदीने फेकतो आणि मग चार-पाच दिवस त्याच्या खांद्याला आणि कोपराला विश्रांती द्यावी लागते. लुइझियानाचा अव्वल पिचर पॉल स्कीन्स १७ जूनला टेनेसीविरुद्ध खेळला आणि त्यानंतर थेट २२ जूनला वेक फॉरेस्टविरुद्ध उतरला. त्या दिवशी त्याने आठ डाव फेकले आणि एकही धाव दिली नाही. समोर वेक फॉरेस्टचा ऱ्हेट लाउडर होता, त्यानेही सात डावांत धाव दिली नाही. दोघेही थकून बाहेर गेले तरी धावफलकावर शून्यच होतं. अखेर अकराव्या डावात टॉमी व्हाइटने चेंडू कुंपणापलीकडे मारला आणि सामना २-० असा संपला. लोकांना आठवतो तो हा सामना. पण मधल्या तीन दिवसांत स्कीन्स बाकावर असताना लुइझियानाने हरलेला एक आणि जिंकलेले दोन सामने ज्या दुय्यम पिचरांनी ओढून नेले, त्यांच्याशिवाय २२ जून उगवलाच नसता. एका तारांकित खेळाडूच्या जोरावर बाद फेरीत तीन सामने काढता येतात. दोन पराभवांची मुभा असलेल्या लांब स्पर्धेत मात्र संघातल्या दहाव्या-बाराव्या खेळाडूचीही परीक्षा होते, म्हणून प्रशिक्षकाला त्या दहाव्या-बाराव्यावर वर्षभर मेहनत घ्यावी लागते. स्पर्धेची रचना बदलली की कॉलेजातला सराव बदलतो.

ही स्पर्धा १९४७ साली मिशिगनमधल्या कॅलामाझू गावी सुरू झाली. पहिल्या वर्षी कॅलिफोर्नियाने येलला हरवलं. येलच्या त्या संघात पहिल्या बेसवर उभा राहणारा जॉर्ज बुश नावाचा विद्यार्थी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९५० पासून ती ओमाहाला आली आणि तिथेच राहिली. ओमाहाला स्वतःचा व्यावसायिक मुख्य लीगचा संघ नाही. त्यामुळे जून आला की अख्खं शहर कॉलेजच्या मुलांचं होतं, आणि २०११ साली जुनं मैदान सोडून नवं चोवीस हजार प्रेक्षकांचं मैदान उभं राहिलं तेही प्रामुख्याने या स्पर्धेसाठी. एकाच गावी पाऊणशे वर्षं भरणाऱ्या स्पर्धेभोवती आठवणी साठतात, पंचांच्या आणि स्वयंसेवकांच्या पिढ्या घडतात. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचं यजमानपद बहुधा दर वर्षी नव्या विद्यापीठाकडे जातं, आणि दर वर्षी सगळं पहिल्यापासून उभारावं लागतं.

आता मुंबईकडे वळू. रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ च्या हंगामात सुरू झाली, म्हणजे रणजी करंडकानंतर अवघ्या एका वर्षाने. मुंबईच्या ए. डी. बारिया यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तो करंडक दिला होता. मुंबई विद्यापीठाने या स्पर्धेवर दीर्घकाळ हुकूमत गाजवली. अजित वाडेकरांनी तिथे मुंबईकडून ३२४ धावांची खेळी केली, आणि पुढे सुनील गावसकरांनी ३२७ धावा करून तो विक्रम मोडला. हे आकडे क्रिकेटप्रेमींना पाठ असतात. पण माझ्या मते या स्पर्धेची खरी किमया तिसऱ्या एका खेळाडूच्या वाटचालीत दिसते, ते म्हणजे दिलीप सरदेसाई.

सरदेसाईंचा जन्म १९४० साली मडगावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि क्रिकेटचं रीतसर शिक्षण मिळेल अशी सोय तिथे नव्हती. १९५७ साली कुटुंब मुंबईला आलं तेव्हा सरदेसाई सतरा वर्षांचे होते. आजच्या हिशोबाने पाहिलं तर तोपर्यंत सोळा वर्षांखालच्या विजय मर्चंट स्पर्धेचं वय उलटून गेलेलं असतं, आणि निवडीच्या याद्यांत ज्याचं नाव कधी आलं नाही अशा मुलाकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. त्यांना मात्र विद्यापीठ भेटलं. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. त्या जोरावर १९६० च्या नोव्हेंबरात पुण्यात पाहुण्या पाकिस्तान संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघात त्यांची निवड झाली आणि तिथे त्यांनी ८७ धावा काढल्या. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले. मडगावहून आलेला सतरा वर्षांचा मुलगा साधारण चार वर्षांत कसोटी संघात पोहोचतो, आणि या प्रवासातल्या दोन निर्णायक पायऱ्या विद्यापीठाच्या आहेत: आधी आंतरविद्यापीठ स्पर्धा, मग पाहुण्या कसोटी संघाशी गाठ.

१९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये भारताने पहिल्यांदा मालिका जिंकली तेव्हा कर्णधार वाडेकर होते, चार कसोटींत ७७४ धावा करणारे गावसकर होते, आणि पाच कसोटींत ६४२ धावा करून किंग्स्टनला द्विशतक ठोकणारे सरदेसाई होते. तिघेही मुंबई विद्यापीठाच्या संघातून आलेले. या एका मालिकेवरून विद्यापीठ क्रिकेटने भारताला विजय मिळवून दिला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. मुंबईच्या क्लब क्रिकेटचा, कांगा लीगचा आणि शाळांचाही त्यात मोठा वाटा होता. तरीही सरदेसाईंच्या बाबतीत विद्यापीठाची पायरी काढून टाकली तर काय उरतं, याचं उत्तर शोधून पाहावं. क्लब आणि शाळांची व्यवस्था लहानपणापासून मुंबईत वाढलेल्यांना हाती धरते. सतराव्या वर्षी बाहेरून आलेल्याला हाती धरणारी जागा त्या काळी महाविद्यालय हीच होती.

यावर सहज घेतला जाणारा आक्षेप असा की तो काळ गेला. सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी कसोटी खेळला, त्याला कॉलेजच्या स्पर्धेची गरज पडली नाही. आज सोळा, एकोणीस, तेवीस वर्षांखालच्या स्पर्धा आहेत, एकोणिसांखालचा विश्वचषक आहे, २००८ पासून आयपीएल आहे. गुणवत्ता तेराव्या-चौदाव्या वर्षीच हेरली जाते, मग विद्यापीठ हवं कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. असामान्य मुलं लवकर दिसतात, आणि त्यांना कॉलेजची वाट पाहायला लावणं वेडेपणाच ठरेल. पण तेराव्या वर्षी जे दिसतं ते निव्वळ गुण असतात असं नाही. त्यात आधी आलेली उंची असते, वर्षाच्या सुरुवातीला झालेला जन्म असतो, वडिलांना परवडणारी अकादमीची फी असते आणि घरापासून मैदानाचं अंतर असतं. वेगवान गोलंदाजाचं शरीर तर पुष्कळदा अठरा-वीस वर्षांनंतरच भरतं. लवकर निवडणाऱ्या व्यवस्थेत लवकर वाढलेले आणि जवळ राहणारे पुढे जातात. बाकीच्यांत सरदेसाई किती होते, हे मोजायला ती व्यवस्था थांबत नाही.

अमेरिकन बेसबॉललाही हाच मोह पडू शकला असता. तिथली मुख्य लीग शाळेतून थेट मुलं उचलते, त्याला बंदी नाही. पण एक नियम आहे: मुलगा एकदा चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षांचा होईपर्यंत लीगच्या निवडीत त्याचं नाव घेता येत नाही. त्यामुळे कॉलेजला तीन वर्षं मिळतात आणि मुलाला वाढायला वेळ मिळतो. वर उल्लेखलेला पॉल स्कीन्स याचं उत्तम उदाहरण. २०२० साली शाळा संपली तेव्हा त्याला कुठल्याही लीग संघाने निवडलं नाही. तो हवाई दलाच्या अकादमीत शिकायला गेला, तिथे यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागाही सांभाळत होता, मग लुइझियानाला आला. २०२३ च्या जूनमध्ये विजेतेपद आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत लीगच्या निवडीत पहिला क्रमांक. दुसऱ्या क्रमांकावर त्याच्याच संघातला डिलन क्रूज. २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचर असे दोन्ही मान स्कीन्सला मिळाले. अठराव्या वर्षी कुठल्याच लीग संघाला नको असलेला मुलगा तेविसाव्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. त्यातली पहिली तीन वर्षं तो कॉलेजात होता.

आता पुन्हा आपल्याकडे पाहू. रोहिंटन बारियाचं महत्त्व घटलं ते आयपीएलमुळे नव्हे. उतरण आयपीएलच्या आधीच लागली होती. त्या स्पर्धेची पुढची पायरी काढून घेतली गेली, हे खरं कारण. पाहुण्या संघासमोर विद्यापीठांचा संयुक्त संघ उतरवण्याची प्रथा मागे पडली, आणि वयोगटांच्या स्पर्धा क्रिकेट मंडळाच्या हातात असल्याने विद्यापीठातल्या धावा कोणत्याही निवड समितीच्या टेबलावर आपोआप पोहोचेनाशा झाल्या. स्पर्धा आजही होते, करंडकही दिला जातो. तिथल्या द्विशतकाने मुलगा दुसऱ्या दिवशी कुठे जातो, या प्रश्नाला मात्र १९६० साली जसं नेमकं उत्तर होतं तसं आज नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. अमेरिकन विद्यापीठांकडे अफाट पैसा, त्यांची बरोबरी आपण काय करणार? फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या बाबतीत हे म्हणणं योग्य आहे. कॉलेज बेसबॉल मात्र तिथेही फार काळ गरीब भावासारखा वाढला. २०२५ पर्यंत सर्वोच्च श्रेणीच्या संघालाही साऱ्या बेसबॉलपटूंसाठी मिळून फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. त्यांचे तुकडे करून पंचवीस-तीस मुलांत वाटायचे, म्हणजे बहुतेकांची अर्धी-अधिक फी घरूनच जात असे. तरीही स्पर्धा बहरली, कारण रचना पक्की होती आणि पुढची पायरी ठरलेली होती. आपल्याकडचा दाखला पाहा. सर्वोत्तम क्रीडा कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला मिळणारा मौलाना आझाद करंडक १९५६-५७ साली पहिल्यांदा दिला गेला, तो मुंबई विद्यापीठाला. पुढच्या दशकांत तो सर्वाधिक वेळा अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने नेला. मुंबईत पैसा पंजाबपेक्षा कमी होता असं कुणी म्हणणार नाही. तिकडे खेळाडूंसाठी वसतिगृहं, खुराक आणि पदकामागे मिळणारी पोलीस-रेल्वेतली नोकरी, ही साखळी सलग होती.

हे सगळं बुवापाड्यात बसून पाहिलं की त्याचा अर्थ बदलतो. अंबरनाथ ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६० किलोमीटर, लोकलने जवळपास दीड तास. मुंबईचं क्रिकेट ज्या मैदानांवर घडतं ती शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि मरीन लाइन्सचं विद्यापीठाचं क्रीडांगण, सगळी तास-दीड तासाच्या अंतरावर. सकाळच्या सातच्या गाडीत पॅड, हेल्मेट आणि दोन बॅट भरलेली किट बॅग घेऊन बदलापूरहून भरून आलेल्या डब्यात चढणं म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. कल्याणचा तुषार देशपांडे हे करून भारताकडून खेळला, शिवाजी पार्क जिमखान्यात घडला. पण एखाद्याने ते करून दाखवलं म्हणून रस्ता सोपा ठरत नाही. बाराव्या वर्षापासून मुलाला रोज तीन तास लोकलमध्ये घालवायला लावणं किती घरांना जमेल, हा प्रश्न तसाच राहतो. बुवापाड्यासारख्या दाट वस्तीत घरातलं कुणीतरी पाळीवर गेलेलं असतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, आणि मुलाला दादरला नेऊन सोडायला मोकळं माणूस नसतं.

मात्र या पट्ट्यात कॉलेजं आहेत. उल्हासनगर स्टेशनसमोरचं चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं सीएचएम, १९६५ पासून आहे. उल्हासनगरला तलरेजा आहे, अंबरनाथ-बदलापुरातही महाविद्यालयं उभी राहिली आहेत. मुंबई विद्यापीठाशी सातशेहून अधिक महाविद्यालयं जोडलेली आहेत, ती थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली. खेळाची कुठलीही व्यवस्था घराच्या इतक्या जवळ आणि इतक्या कमी फीमध्ये या मुलांपर्यंत येत नाही. ज्या मुलाने अठराव्या वर्षापर्यंत फक्त टेनिस बॉलचं ओव्हरआर्म क्रिकेट खेळलं, नगरसेवकाच्या चषकात मालिकावीराची ट्रॉफी घेतली, पण लेदर बॉल हातात धरला नाही, त्याच्यासाठी कॉलेजचा संघ हे पहिलं आणि बहुधा शेवटचं दार आहे. मुलींसाठी तर ते आणखी महत्त्वाचं. मोकळ्या मैदानावर मुलांच्या घोळक्यात जागा मागण्यापेक्षा कॉलेजच्या आवारात, सरांच्या आणि मॅडमच्या देखरेखीखाली खेळायला घरचे सहज परवानगी देतात. अमेरिकेत मुलींच्या सॉफ्टबॉलची अशीच राष्ट्रीय स्पर्धा ओक्लाहोमा सिटीत होते, तीही दोन पराभवांच्या मुभेची.

पुढची पायरीही आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. ती फार कमी जणांना ठाऊक आहे, एवढंच. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या क्रीडा कोट्याच्या नियमांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचं प्रतिनिधित्व करणारा खेळाडू पात्र धरला आहे. २०२० मध्ये या कोट्यातल्या खेळांची यादी ४३ वरून ६३ झाली आणि तिच्यात बेसबॉल आला, मल्लखांब आला, टेनिस बॉल क्रिकेटही आलं. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. रेल्वेच्या रुळांलगत वाढलेल्या मुलासाठी मध्य रेल्वेतली नोकरी आणि रेल्वेचा संघ ही लीगच्या करारापेक्षा कितीतरी अधिक शक्य कोटीतली गोष्ट आहे. तिच्याकडे जाणारा रस्ता विद्यापीठाच्या संघातून जातो, आणि विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवडला जातो. तिथे मात्र बहुतेक सांघिक खेळ बाद पद्धतीने होतात. अखिल भारतीय पातळीवरही अनेक खेळांत आधी बाद फेरी आणि शेवटच्या चार संघांतच साखळी असते. पहाटे उठून तीन गाड्या बदलून गेलेला अंबरनाथचा संघ अकरा वाजता मैदानात उतरतो, दोनला हरतो, आणि त्या वर्षीचा त्याचा हंगाम संपतो. त्या संघातल्या एखाद्या चांगल्या गोलंदाजाला त्या दिवशी चार षटकं मिळाली असतील, तर निवडकर्त्यांनी त्याचं वर्षभराचं काम त्या चोवीस चेंडूंवरून ओळखायचं.

इथे व्यवहाराचा आक्षेप येतो आणि तो क्रीडा शिक्षकांकडूनच येतो: मैदानं मिळत नाहीत, सत्र परीक्षा डोक्यावर असतात, पंचांचं मानधन कुठून आणायचं, आणि त्यात सामने दुप्पट? अडचण खरी आहे, म्हणून हिशोब करून पाहू. ठाणे जिल्ह्यातल्या सोळा महाविद्यालयांची वीस षटकांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर १५ सामने होतात. तीच चार-चारच्या गटांत, दोन पराभवांच्या मुभेने घेतली आणि चार गटविजेत्यांत उपांत्य व अंतिम सामने ठेवले, तर २७ ते ३१ होतात. दोन मैदानांवर रोज दोन-दोन सामने धरले तर पहिली स्पर्धा चार दिवसांत आणि दुसरी आठ दिवसांत संपते. म्हणजे वाद आहे तो चार दिवसांचा. कबड्डी आणि खो-खोला तर एवढेही लागणार नाहीत, तिथे एका दिवसात एका मैदानावर सहा-सात सामने आरामात होतात. शिवाय गट जवळच्या गावांचे करता येतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि कल्याण यांचा एक गट एखाद्या स्थानिक मैदानावर खेळला तर चारही संघांचा प्रवास वाचतो, आणि हरलेल्या संघाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला दीड तासाची लोकल पकडावी लागत नाही. परीक्षेचा प्रश्न वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर केल्याने पुष्कळसा सुटतो. ओमाहाच्या तारखा वर्षभर आधी सगळ्यांना माहीत असतात.

याच्या जोडीला धावफलक जपण्याचं काम हवं. आज आंतरमहाविद्यालयीन सामन्याचा धावफलक वहीत राहतो आणि वहीसकट हरवतो. मोबाइलवर चेंडूगणिक नोंद ठेवणारी ॲप गल्लीतल्या चषकांतसुद्धा सर्रास वापरली जातात, मग विद्यापीठाच्या प्रत्येक विभागीय सामन्यात ती सक्तीची करायला वेगळा पैसा लागत नाही. नोंद राहिली तर विद्यापीठाच्या निवड समितीला अंबरनाथच्या गोलंदाजाची तीन सामन्यांतली बारा षटकं घरबसल्या पाहता येतील, आणि मुंबई क्रिकेट संघटनेच्या तेवीस वर्षांखालच्या संघाच्या चाचणीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतले पहिले वीस फलंदाज आणि पहिले वीस गोलंदाज थेट बोलावावेत अशी मागणी आकड्यांच्या आधारे करता येईल. विद्यापीठ आणि संघटना यांच्यात एवढा एक करार झाला, तर १९६० साली सरदेसाईंना पुण्याच्या सामन्याने जे दार उघडून दिलं, त्याच्या जवळपासचं काहीतरी पुन्हा उभं राहतं. सुरुवात करायला हवी ती ठाणे विभागापासून, कारण मुंबईच्या मैदानांपासून दूर पडलेली बरीच महाविद्यालयं या विभागात आहेत.